लेकीच्या मेंदूच्या दुर्बीण ऑपरेशनची भूल: भूल विभागाचा रिव्ह्यू, ५ पैकी साडेचार

सगळ्यात आधी सांगते, हा रिव्ह्यू सर्जनचा नाही. सर्जनबद्दल लोक लिहितातच आणि आमचे सर्जन खरंच चांगले होते. हा रिव्ह्यू आहे भूल देणाऱ्या टीमचा. लेकीचं ऑपरेशन करायचं म्हटल्यावर सर्जन कोण, त्यांनी अशी किती ऑपरेशन्स केलीत, दुर्बीण की शंट (डोक्यातलं पाणी पोटात सोडणारी नळी), यावर आम्ही अख्खा आठवडा घालवला, तिघांची मतं घेतली, नातेवाइकांचे फोनवर फोन झाले, आणि भूल कोण देणार हा प्रश्न मात्र आदल्या संध्याकाळपर्यंत आमच्या मनातसुद्धा आला नव्हता. ऑपरेशनला आता पाच महिने झालेत. तो प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता असं आज अगदी मनापासून वाटतं, म्हणून हे एवढं लांबलचक लिहितेय. हॉस्पिटलचं नाव देत नाही कारण यात तक्रारीही आहेत.

लेक तेव्हा १४ महिन्यांची, वजन साडेआठ किलो. डोकं वयाच्या मानाने भराभर वाढत होतं, टाळू फुगलेली, सकाळी उठल्या उठल्या उलटी, आणि धरून उभी राहायला लागलेली पोर परत बसूनच राहायला लागली. एमआरआयमध्ये कळलं की मेंदूतल्या तिसऱ्या आणि चौथ्या पोकळीला जोडणारी जी बारीक वाट असते ती अरुंद झालीये, त्यामुळे मेंदूतलं पाणी पुढे सरकत नाही, मागेच तुंबतं. आणि मेंदू काही पाणी तयार करायचं थांबत नाही, मोठ्या माणसात तर दिवसाला साधारण अर्धा लिटर तयार होतं. एक उपाय शंटचा, म्हणजे डोक्यातून पोटापर्यंत कातडीखालून नळी, जी पुढे तुंबू शकते, तिला इन्फेक्शन होऊ शकतं. दुसरा दुर्बिणीचा, त्याला ईटीव्ही म्हणतात. कवटीला छोटं भोक, त्यातून दुर्बीण आत, आणि तिसऱ्या पोकळीच्या तळाला एक भोक पाडून पाण्याला नवी वाट करून द्यायची. ही कल्पना तशी जुनी आहे, १९२३ मध्ये मिक्स्टर नावाच्या सर्जनने मूत्रमार्ग तपासायची दुर्बीण वापरून एका तान्ह्या बाळावर हे केलं होतं. वय, आजाराचं कारण आणि आधी शंट बसवलेला आहे का यावरून एक स्कोअर काढतात, तिचा ८० आला, म्हणजे सहा महिन्यांनंतरही शंटशिवाय निभावण्याची शक्यता साधारण ८० टक्के. म्हणून दुर्बीण ठरली.

आता तक्रार आधीच सांगून टाकते. पहिली जी तारीख मिळाली होती त्याच्या आदल्या रात्री कोणीतरी ज्युनियर डॉक्टर येऊन फॉर्मवर सही घेऊन गेले, आणि वॉर्डात सांगितलं की रात्री बारानंतर काही द्यायचं नाही, दूध नाही, पाणी नाही. आम्ही ते पाळलं. सकाळी आमच्या आधीची केस लांबली. दहा वाजले, बारा वाजले, लेक रडून रडून दमली, ओठ कोरडे पडले, माझ्या अंगाला दुधाचा वास येत होता म्हणून तिला घ्यायलाही मला भीती वाटायला लागली, मग बाबांकडेच ठेवली. दुपारी दोनला सांगितलं, आज होणार नाही, उद्या पहिली केस. चौदा महिन्यांचं बाळ चौदा तास उपाशी. यात दोष नक्की कोणाचा ते मला आजही माहीत नाही, पण अर्धा स्टार गेला तो इथेच.

त्या दिवशी संध्याकाळी सातला भूलतज्ज्ञ मॅडम स्वतः आल्या. आल्या त्या स्टूल ओढून बसल्या, फाईल बाजूला ठेवली आणि पहिलं वाक्य म्हणाल्या, “आज बाळाला फार वेळ उपाशी ठेवलं गेलं, तसं व्हायला नको होतं.” कोणी एवढंसुद्धा बोललं नव्हतं तोपर्यंत, मला तिथेच रडू आलं. मग त्यांनी उपाशी ठेवण्याचं गणित नीट समजावलं. वरचं अन्न आणि पावडरचं दूध सहा तास आधी बंद, अंगावरचं दूध चार तास आधी, आणि पाण्यासारखं स्वच्छ काही असेल तर दोन तास आधीपर्यंत चालतं, काही ठिकाणी आता एक तासापर्यंतही चालवतात. केस साडेआठची. म्हणजे पहाटे चारला उठवून अंगावर पाजा, आणि सहाच्या सुमाराला दोन घोट साखरेचं पाणी द्या. मी मोबाईलला दोन अलार्म लावले. त्यांनी हेही सांगितलं की हिला उलट्या होतायत, डोक्यातला दाब वाढलेला असला की पोट नीट रिकामं होईलच असं नाही, त्यामुळे वेळा पाळल्या तरी आम्ही पोट भरलेलं आहे असंच धरून चालणार.

आम्ही विचारलं, मॅडम, ऑपरेशन तर छोटं आहे ना, चाळीस मिनिटांचं? सगळे तेच म्हणत होते आम्हाला. आणि आम्ही मनात धरून चाललो होतो की छोटं ऑपरेशन म्हणजे हलकी भूल. त्या म्हणाल्या, “भोक लहान आहे हो ताई, पण जिथे जायचंय ती जागा मेंदूच्या अगदी मधोमध आहे. तिथे बाळ केसाएवढंही हललेलं चालत नाही.” ज्या पातळ पडद्याला भोक पाडतात त्याच्या खालूनच मेंदूची एक मोठी धमनी जाते, आणि तो पडदा ज्या भागाचा तळ आहे तिथूनच शरीराचं तापमान, पाण्याचं संतुलन आणि बरंच काही चालतं. म्हणून पूर्ण भूल, स्नायू सैल करणारं औषध, श्वासनलिकेत नळी आणि व्हेंटिलेटर, यातलं काहीही कमी करता येत नाही.

दुसरा मुद्दा पाण्याचा, आणि हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दुर्बिणीतून चित्र स्वच्छ दिसावं म्हणून आत सतत कोमट पाणी सोडत राहतात, म्हणजे सलाईनच्या जातीचं. जेवढं आत जातं तेवढं बाहेर आलं पाहिजे. बाहेर यायची वाट क्षणभर जरी अडली तरी आधीच दाब असलेल्या डोक्यात दाब झटकन चढतो. आणि गंमत म्हणू नये खरं तर, पण त्या वेळी सर्जनच्या स्क्रीनवर चित्र छान स्वच्छच दिसत असू शकतं. कळतं ते भूलतज्ज्ञाच्या मॉनिटरवर, नाडी आणि बीपी बदलतं तेव्हा. म्हणून त्या मनगटातल्या धमनीत एक बारीक नळी टाकणार होत्या, म्हणजे बीपी दर काही मिनिटांनी नाही तर प्रत्येक ठोक्याला दिसतं. ही नळी सगळीकडे टाकत नाहीत असंही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, त्यांची टीम टाकते.

लेकीला आठ दिवसांपूर्वी सर्दी होऊन गेली होती. हा प्रश्न आम्हाला तीन वेगवेगळ्या लोकांनी तीनदा विचारला, तेव्हा कंटाळा आला होता, नंतर कारण कळलं. सर्दी-खोकला नुकताच झालेला असला की भूल देताना आणि उतरताना घसा आवळून धरण्याचा धोका वाढतो, साधं ऑपरेशन असतं तर दोन-चार आठवडे पुढे ढकललं असतं. इथे थांबणं जास्त धोक्याचं, म्हणून आत्ताच करायचं आणि जास्त सावध राहायचं, असा निर्णय त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितला.

आणि जो प्रश्न प्रत्येक आईबापाच्या पोटात असतो तो मी विचारला, भुलीने मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो का. त्यांनी ‘काही होत नाही’ असं म्हणून उडवून लावलं नाही. सांगितलं की अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने, म्हणजे एफडीएने, २०१६ मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांसाठी इशारा दिला होता, पण तो तीन तासांपेक्षा लांब किंवा वारंवार दिलेल्या भुलीबद्दल आहे. दुसरीकडे ७२२ बाळांवर केलेला एक मोठा अभ्यास आहे, त्याचे पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले, त्यात तासाभराच्या आतल्या एका भुलीने बुद्धीवर फरक पडलेला दिसला नाही. आपली भूल सगळं धरून दोन तासांच्या आतली असेल, म्हणजे दोन्हीच्या मध्ये. आणि मग म्हणाल्या, डोक्यातल्या दाबामुळे रोज जे नुकसान होतंय ते मात्र नक्की आहे. मला हे उत्तर पटलं, कारण त्यात मला खूश करायचा प्रयत्न नव्हता.

ऑपरेशनच्या दिवशी साडेसातला सिस्टरांनी तिच्या दोन्ही हातांच्या पाठीवर पांढरं क्रीम लावलं, वर पारदर्शक चिकटपट्टी. हे कातडी बधिर करणारं क्रीम, लिग्नोकेन आणि प्रिलोकेनचं, तासभर तरी राहावं लागतं तर ते काम करतं. लेक काय राहू देणार, एका मिनिटात चिकटपट्टीचा कोपरा उचकटून तोंडात घालायला निघाली. सिस्टरांनी तिचेच पायमोजे घेतले आणि हातात घातले. लाल मोजे, हातात. तिला ते इतकं नवल वाटलं की दोन्ही हात समोर धरून ती बघतच बसली, टाळ्या वाजवून बघितल्या, आवाज येईना तर माझ्याकडे बघितलं. तो तास असा गेला. ओटीत नेताना क्रीमला पन्नासच मिनिटं झाली होती तर मॅडमनी दहा मिनिटं थांबवलं, सर्जन तयार होते तरी. ही दहा मिनिटं मी विसरणार नाही.

एवढा आटापिटा कशाला, तर रडण्याने डोक्यातला दाब वाढतो. लहान मुलांना बरेचदा आधी मास्कने गॅस देतात आणि झोपल्यावर शीर शोधतात, पण उलट्या होणाऱ्या आणि दाब वाढलेल्या बाळात शीर आधी मिळालेली बरी, म्हणजे औषध देऊन पटकन झोपवून नळी घालता येते. झोप आणणारं औषध आधी तोंडाने देतात तेही हिला दिलं नाही, कारण त्याने श्वास मंदावला तर दाब अजून चढतो. आत शेजारच्या खोलीत मला जाऊ दिलं, गाऊन-टोपी घालून. लेक माझ्या मांडीवर. डाव्या हाताची शीर मिळाली नाही, एकदाच प्रयत्न केला आणि सोडून दिला, खोदत बसल्या नाहीत. उजव्या हाताची पहिल्याच वेळी मिळाली. ती दचकली, ओठ काढले, पण रडली नाही. मग दुधासारखं पांढरं औषध हळूहळू नळीतून जाताना मला दिसत होतं आणि ते हातापर्यंत पोचतंय न पोचतंय तोच तिची मान माझ्या दंडावर जड झाली. मला आधीच सांगून ठेवलं होतं की डोळे मिटले की तुम्ही लगेच बाहेर, मागे वळून थांबायचं नाही, तेव्हा आम्हाला एकेक सेकंद लागतो. हे आधी सांगितल्यामुळे मी उठू शकले.

आत काय झालं ते मी पाहिलेलं नाही, मॅडमनी नंतर स्वतः दाखवलं म्हणून माहीत आहे. संध्याकाळी त्या पीआयसीयूमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या आयसीयूत, भुलीचा कागद घेऊन आल्या. त्यावर दर पाच मिनिटांना खुणा केलेल्या असतात, नाडीचे ठिपके, बीपीचे बाण, तापमान, श्वासातून बाहेर येणारा कार्बन डायऑक्साइड. ठिपक्यांची रेघ सरळ चाललेली, १२० च्या आसपास, आणि ९.५० ला एक ठिपका एकदम खाली, ७८. त्याच्या शेजारी पेनाने लिहिलं होतं, ‘सर्जनला सांगितले, दुर्बीण मागे, पाणी बाहेर’. पुढचा ठिपका परत ११६. भोक फुगा फुगवून मोठं करत होते तेव्हाची वेळ. म्हणाल्या, असं होतं या ऑपरेशनमध्ये, म्हणूनच तर आम्ही बसलेलो असतो, अशा वेळी पहिला उपाय औषध नाही तर थांबणं, आणि सर्जन एका शब्दावर थांबले. नाडी वाढवणारं औषध, अॅट्रोपिन, सिरिंजमध्ये भरून तयार होतं, लागलं नाही. एका मिनिटाच्या आत नाडी जागेवर. हे त्यांनी मला सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं. सगळं छान झालं म्हणून मोकळं होता आलं असतं. त्या आल्या, कागद दाखवला आणि बोट ठेवून सांगितलं, याचं मला फार मोल आहे.

बाकीचं पटापट सांगते. लहान बाळाची श्वासनलिका जेमतेम चार-पाच सेंटीमीटरची, मान थोडी वाकली की नळी आत सरकते आणि एकाच फुप्फुसात हवा जाते, म्हणून डोकं ऑपरेशनसाठी ठेवल्यावर दोन्ही बाजू परत स्टेथोने तपासल्या होत्या. डोकं मोठं असल्याने झोपवल्यावर मान आपोआप पुढे वाकते, त्यासाठी खांद्याखाली गुंडाळी ठेवली. लाफिंग गॅस वापरला नाही, कारण आत हवेचा बुडबुडा राहिला तर तो त्याने फुगतो. अंगाखाली गरम हवेची गादी, कारण एवढ्याशा बाळाचं डोकंच केवढं असतं आणि त्यावरून सतत पाणी वाहतंय, चादरी ओल्या होतात, बाळ गार पडतं. कागदावर शेवटचं तापमान ३६.४ होतं. दुखण्यासाठी जखमेच्या जागी बधिर करणारं इंजेक्शन आणि सलाईनमधून पॅरासिटामॉल, जड गुंगीची औषधं मुद्दाम कमी ठेवली, म्हणजे जागी झाल्यावर मेंदू कसा चाललाय ते लगेच बघता येतं.

आता दुसरी तक्रार. रिकव्हरीत मला बोलावलं तेव्हा लेक जागी होती पण ती माझी लेक वाटत नव्हती. डोळे उघडे, पण माझ्याकडे न बघता पलीकडे बघत होती, कमान करून अंग टाकत होती, घोगऱ्या आवाजात किंचाळत होती, मी घेतलं तर ढकलत होती. मला वाटलं आत काहीतरी झालं. जवळजवळ वीस मिनिटं असं चाललं आणि मग एकदम माझ्या कुशीत तोंड खुपसून झोपली. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, भूल उतरताना काही मुलांना असं होतं, गॅसच्या भुलीनंतर जास्त, आणि आवाज घोगरा आहे तो नळीमुळे. बरोबरच आहे, पण हे मला आदल्या दिवशी सांगायला हवं होतं. एवढं सगळं सांगणाऱ्या मॅडमकडून हे एकच राहून गेलं. मी त्यांना तसं बोलले, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, यापुढे सगळ्यांना सांगेन.

पुढचे २४ तास पीआयसीयूत. तासातासाला टॉर्चने डोळ्यांच्या बाहुल्या बघणं, आणि प्रत्येक डायपर काट्यावर ठेवून वजन. लघवी अचानक खूप वाढली तर ज्या भागाजवळ भोक पाडलंय तो दुखावलाय असं समजतात, म्हणून रक्तातलं सोडियमही दोनदा तपासलं. रात्री ३८.२ ताप आला, आमचे हातपाय गळाले, पण आत सोडलेल्या पाण्याने असा ताप येऊ शकतो म्हणाले, लक्ष ठेवलं, दुसऱ्या दिवशी उतरला.

ज्यांच्या मुलाचं असं काही ठरतंय त्यांना एवढंच सांगेन की भूलतज्ज्ञांना आधीच भेटायचंय असं स्वतःहून सांगा, आमच्या इथे त्यासाठी वेगळी ओपीडी आहे हे आम्हाला डिस्चार्जच्या दिवशी कळलं. लहान मुलांच्या मेंदूच्या ऑपरेशनला तुम्ही नेहमी भूल देता का, हे विचारायला लाजू नका, आम्ही विचारलं तर मॅडमना राग आला नाही, उलट नीट उत्तर दिलं. केस पुढे गेली तर बाळाला मध्ये पाणी देता येईल का आणि ते कोण ठरवणार, हे रात्रीच विचारून ठेवा. आणि सहीचा फॉर्म. तो इंग्रजीत, बारीक अक्षरात, तीन पानी होता. मराठीत द्या, हे मी फीडबॅकमध्ये लिहिलंय आणि इथेही लिहिते.

तीन महिन्यांनी परत एमआरआय झाला, भोक उघडं आहे की नाही आणि पाणी वाहतंय का बघायला. एवढं लहान मूल मशिनमध्ये स्थिर राहत नाही म्हणून पुन्हा थोडी भूल. या वेळी मॅडम सुट्टीवर होत्या, त्याच विभागातले दुसरे डॉक्टर होते, तरुण, मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं आणि माझ्या पोटात गोळा आला. त्यांनी फाईल उघडली, वाचली आणि सरळ लेकीच्या उजव्या हाताला क्रीम लावायला सांगितलं, दोन्ही हातांना नाही. मी विचारलं तुम्हाला कसं माहीत. त्यांनी फाईल माझ्याकडे फिरवली. मॅडमच्या अक्षरात एक ओळ होती, ‘डाव्या हाताची शीर मिळत नाही, उजवा घ्या. हातात मोजे घाला. आईच्या मांडीवर शांत राहते.’